मुळात ही वस्तू आहे काय?

कुठलीही वस्तू हातात दिली की नाना आधी ती उलटी करतात. लग्नात आहेर म्हणून आलेलं घड्याळ असो की समोरच्या पोराची पाण्याची बाटली, आधी चष्मा कपाळावर ढकलून बुडाशी काय छापलंय ते वाचायचं, मग झाकण उघडायचं, मग कानाशी धरून हलवायचं. आत काही खुळखुळलं तर स्वारी खूश. एवढं झालं की देणाऱ्याकडे बघून म्हणणार, "छान आहे हो. पण मुळात ही वस्तू आहे काय?"

नवखा माणूस इथे फसतो. तो म्हणतो, "नाना, घड्याळ आहे."

"ते दिसलं. पण भिंतीवरचं की टेबलावरचं? गजर आहे? आणि खाली हा थर्मामीटर कशाला लावलाय? म्हणजे यात मुख्य काय, वेळ की हवा?"

आहेर देणारा पुढच्या लग्नापासून पाकीट देतो.

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीतले निम्मे लोक नानांना कस्टममधले समजतात. कोणाचा जावई दुबईहून यायचा असला की सासरे रात्री जेवणं उरकल्यावर बेल वाजवतात आणि आवाज खाली आणून विचारतात, "किती तोळे चालतं हो?" नानांना त्या प्रश्नाचा मनापासून कंटाळा येतो. सोनं ते सोनं, त्यात ठरवायचं काय?

खरं म्हणजे नाना खिडकीच्या अलीकडच्या बाजूचे. क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात आयुष्य गेलं. आता त्या धंद्याला कस्टम्स ब्रोकर म्हणतात, पण नाना अजून ‘सीएचए’च म्हणतात. परीक्षा देऊन मिळवलेलं जी-कार्ड त्यांच्या पाकिटात आधार कार्डाच्या वरच्या कप्प्यात असतं. पूर्वी रोज बॅलार्ड इस्टेटला न्यू कस्टम हाउसच्या पायऱ्या चढायच्या. १९८९ साली खाडीपलीकडे न्हावा शेव्याचं बंदर सुरू झालं, पुढे कंटेनर तिकडे वळले आणि नानांचं ऑफिसही बेलापूरला गेलं. डिलिव्हरी ऑर्डर, सीएफएस म्हणजे कंटेनरच्या गोदामवाल्यांशी भांडण, तपासणी, माल सुटल्याचं आउट ऑफ चार्ज हे सगळं ऑफिसातली तरणी पोरं बघतात. नानांकडे एकच काम येतं. माल ड्यूटीच्या पुस्तकातल्या, म्हणजे टॅरिफमधल्या, कुठल्या हेडिंगखाली टाकायचा?

टॅरिफचं जाडजूड पुस्तक ऑफिसात एक आणि घरी एक. घरचं कायम एक वर्ष शिळं, कारण नवा अर्थसंकल्प आला की ऑफिसातलं जुनं पुस्तक रद्दीत निघतं, आणि रद्दीत पडलेलं टॅरिफ नानांना बघवत नाही. त्याहून शिळी झालेली काकूंच्या ताब्यात जातात. गादीखाली साडीची घडी दाबायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही, असं त्यांचं मत आहे.

या पुस्तकात जगातल्या झाडून सगळ्या वस्तू बसवलेल्या आहेत. ब्रसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेची ही पद्धत १ जानेवारी १९८८ पासून जगभर लागू झाली. पहिले सहा आकडे सगळ्या देशांत तेच, पुढचे दोन आपले. या पद्धतीत अध्याय सत्त्याण्णव. पहिल्यात जिवंत घोडे, शेवटच्यात शंभर वर्षांवरच्या जुन्या वस्तू. मधे सगळा संसार: साबुदाणा १९०३, पापड १९०५, उदबत्ती ३३०७, छत्री ६६०१, केरसुणी ९६०३. नाना वाण्याच्या दुकानात उभे राहिले की यादी मनातल्या मनात आकड्यांत वाचतात. वाणी "अजून काय?" म्हणाला तेव्हा एकदा तोंडून "एकोणीस-झिरो-तीन अर्धा किलो" असं गेलं होतं, असं काकू सांगतात. नाना ते नाकारतात.

सत्त्याहत्तरावा अध्याय मात्र कोरा आहे. पुढेमागे लागला तर असावा म्हणून राखून ठेवलेला. "मग इतकी वर्षं मी या घरात जे करतेय ते त्या सत्त्याहत्तरात टाका," असं काकू एकदा म्हणाल्या. नाना हसले नाहीत. "सेवा टॅरिफमध्ये येत नाही," ते म्हणाले. "त्याला वेगळा कायदा आहे."

नानांची दोन-तीन वाक्यं आता सोसायटीत सगळ्यांना पाठ आहेत. पहिलं, "शीर्षकावर जाऊ नका." अर्थ लावायचे सहा नियम आहेत आणि त्यातला पहिलाच सांगतो की विभागाचं नि अध्यायाचं नाव नुसतं सोयीसाठी असतं, निकाल लागतो तो हेडिंगच्या शब्दांवर आणि नोटांवर. नाना हा नियम पेपरलाही लावतात, सिनेमालाही आणि सोसायटीच्या नोटिशीलाही. दुसरं वाक्य, "नोट वाचली का?" कोणी काहीही तावातावाने बोलत असलं की नाना शांतपणे एवढंच विचारतात. समोरच्याला कुठली नोट ते कळत नाही, पण तो दबतो. आणि तिसरं "अदर्स"बद्दलचं. टॅरिफमध्ये जवळजवळ प्रत्येक ओळींच्या गठ्ठ्याखाली शेवटी एक "अदर्स" असतं. घाईतली माणसं माल सरळ तिथे टाकून मोकळी होतात. नानांच्या लेखी हा आळस नाही, व्यसन आहे. पुतणीला सांगून आलेल्या एका स्थळाच्या कागदावर "व्यवसाय: बिझनेस" असं होतं. नानांनी कागद टीपॉयवर ठेवला. "हे अदर्स झालं. आधीच्या सगळ्या ओळी वाचून संपल्या की मग अदर्सला जायचं असतं. याने सुरुवातच तिथून केलीय." स्थळ बारगळलं. पुढे पुतणीनेच स्वतःचं जमवलं आणि मुलगा कोण, काय, हे नानांना विचारायची सोय ठेवली नाही.

सकाळच्या लोकलमध्ये नानांचा ठरलेला ग्रुप होता, तेव्हा त्यांची कीर्तनं रंगायची. अजूनही गच्चीवर, कोजागरीला, दूध आटेपर्यंत रंगतात. त्यातलं अमेरिकेचं टोमॅटोचं आख्यान सगळ्यात जुनं. भाजीवर दहा टक्के ड्यूटी होती, फळाला माफी होती, म्हणून न्यूयॉर्कच्या एका आयातदाराने टोमॅटो हे फळ आहे असा दावा लावला. १८९३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, वनस्पतिशास्त्रात असेल फळ, पण लोक जेवणात भाजी म्हणून खातात, जेवणानंतर गोड म्हणून नाही. सबब भाजी. इथे नाना थांबतात आणि श्रोत्यांमधल्या एखाद्या गृहिणीकडे दाद मागितल्यासारखं बघतात.

दुसरं आख्यान पोरांसाठी. एक्स-मेनचे बाहुले. अमेरिकेत तेव्हा बाहुलीवर बारा टक्के आणि इतर खेळण्यांवर सहा पूर्णांक आठ. बाहुली म्हणजे माणसाची प्रतिकृती. म्हणून खेळणी आणणारी कंपनी कोर्टात म्हणाली, आमचा वुल्व्हरिन माणूस नव्हेच. २००३ मध्ये न्यायाधीशांनी ते मानलं. ज्या नायकांनी सगळ्या कॉमिक्समध्ये आम्हालाही माणूस म्हणा म्हणून टाहो फोडला, त्यांना त्यांच्याच मालकाने पाच टक्क्यांसाठी माणसांतून उठवलं, हे सांगताना नानांचा आवाज खरोखर भरून येतो. पोरांना एवढंच कळतं की नानांना वुल्व्हरिन माहीत आहे, आणि त्यांचा भाव वधारतो.

तिसरं आपलं, खोबरेल तेलाचं. छोट्या बाटलीतलं खोबरेल हे खायचं तेल की केसांचं, यावर कर किती ते ठरणार होतं. वर्षानुवर्षं चाललेला हा वाद २०२४च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला: बाटली लहान आहे एवढ्यावरून ते केसांचं ठरत नाही, खायचं तेलही असू शकतं. काकूंना यात नवल वाटलं नाही. "माझ्या कारवारच्या आजीकडे त्यातच बांगडे तळायचे नि तेच डोक्याला थापायचे," त्या म्हणाल्या. "हे मला विचारलं असतं तर एवढी वर्षं लागली नसती."

पण नाना खरे कसे आहेत ते दिसलं त्या अंतराळवीराच्या प्रकरणात.

दिवाळीच्या आधी दीड-दोन महिने लोहार चाळीतल्या नानांच्या एका जुन्या शेठचा माल चीनमधून निघायचा होता. तिकडे गुझेन म्हणून एक गाव आहे, ते दिव्यांच्याच धंद्यावर चालतं. शेठने तिथून या वेळी माळांच्या जोडीला नवं काही मागवलं होतं, आणि नमुना म्हणून एक नग कुरिअरने आधी आला होता. इनव्हॉइसवर नाव, "स्टार प्रोजेक्टर". वीतभर उंचीचा पांढरा अंतराळवीर, एक पाय पुढे, हात कमरेवर, गोल काळी काच म्हणजे त्याचा चेहरा. शेठचा फोन आला, "नानाभाई, लाइट आहे, लाइटमध्ये टाकून द्या."

"शीर्षकावर जाऊ नका," नाना म्हणाले, आणि नमुना घरी घेऊन आले.

त्या रात्री आम्हा शेजाऱ्यांना बोलावणं होतं. नानांनी हॉलमधले सगळे दिवे घालवले, खिडकीला चादर लावली आणि बटण दाबलं. छतावर जांभळे-निळे ढग सरकायला लागले, त्यांच्यावर हिरव्या ठिपक्यांच्या चांदण्या. देव्हाऱ्यावर, कॅलेंडरवर, फ्रिजवर, काकूंच्या पदरावर सगळीकडे आकाश. काकू हरखून म्हणाल्या, "अगंबाई, काय सुंदर आहे!"

अंधारातून नानांचा आवाज आला, "सुंदर हा शब्द कुठल्याच हेडिंगमध्ये नाही."

मग त्यांनी मोबाइलचा टॉर्च लावून टॅरिफ उघडलं. पुढचा तासभर आम्ही त्या आकाशगंगेखाली बसून जे ऐकलं, ते थोडक्यात असं. नाव प्रोजेक्टर आहे, म्हणून पहिला माणूस धावणार ८५२८ला. तिथे बसतात ते व्हिडिओचे प्रोजेक्टर. याला व्हिडिओ देता येतो का? नाही. गेला. मग ९००८, प्रतिमा दाखवणारे प्रोजेक्टर, जुन्या स्लाइडच्या यंत्रांची जागा. इथे नाना रेंगाळले. आत स्लाइड असती, तिच्यावर चंद्राचं चित्र असतं, ते मोठं होऊन भिंतीवर पडलं असतं, तर बोलायला जागा होती. पण आत स्लाइड नाही. एक ओबडधोबड नक्षीची काच फिरते, रंगीत एलईडीचा उजेड तिच्यातून वाकडातिकडा होऊन बाहेर पडतो आणि ढग दिसतो. "आता मला सांगा, ढग ही प्रतिमा आहे का?" प्रश्न वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापकांना होता. ते प्रामाणिकपणे विचारात पडले आणि त्या रात्री पुन्हा बोलले नाहीत.

हिरव्या चांदण्या लेसरच्या. मग ९०१३? पण लेसर हा त्यातला एक भाग, सगळी वस्तू नव्हे. बाजूला जाळी दिसतेय, ब्लूटूथवर गाणी वाजतात. मग ८५१८, स्पीकर? नानांनी एक भजन लावून पाहिलं. आवाज डब्यातून आल्यासारखा. "या आवाजासाठी कोणी हे विकत घेईल?" कोणीच घेतलं नसतं. स्पीकर गेला. दिवाळीचा माल आहे, मग ९५०५, सणासुदीच्या वस्तू? त्यावरून नाना सोसायटीच्या दिवाळीतल्या कंदिलाकडे वळले. चौऱ्याण्णवाव्या अध्यायाची नोट सांगते की चिनी कंदिलासारखी सजावट ९५०५मध्ये, दिव्यांची माळ मात्र आपल्याकडे, ९४०५मध्ये. "म्हणजे बघा, आपली कमिटी दिवाळीत एका खिळ्याला दोन अध्याय टांगते." पण हा अंतराळवीर कुठल्या सणाचा? कुठल्याच नाही. तो बारा महिने चालेल. सण गेला.

मग उरलं ९४०५, म्हणजे दिवे आणि दिव्यांची साधनं, आणि तिथेही शब्द असे की इतरत्र कुठे न सांगितलेली. म्हणजे इतरत्र कुठे नाही हे आधी सिद्ध करा आणि मग या. नानांना हे हेडिंग आवडतं, कारण तिथे पोचायला सगळं पुस्तक हिंडावं लागतं.

आणि इथे समोरच्या बिऱ्हाडातल्या, दुसरीतल्या पोराने घोळ केला. इतका वेळ तो मांडी घालून गप्प होता. त्याने उठून अंतराळवीराचं डोकं धरलं आणि खट्कन उपटलं. ते लोहचुंबकाने बसवलेलं होतं. डोकं हातात घेऊन तो "झूऽऽऽम" करत हॉलभर पळाला, आणि आकाशगंगा भिंतीवरून, पंख्यावरून, आमच्या तोंडांवरून त्याच्याबरोबर पळाली.

नानांचा चेहरा उतरला. चौऱ्याण्णवच्याच नोटेत आहे: खेळण्यातले दिवे इथे नाहीत, ९५०३ला जा. आणि खेळण्यांवर २०२०च्या अर्थसंकल्पात ड्यूटी वीसवरून साठ टक्के झाली, २०२३ला सत्तर. शिवाय १ जानेवारी २०२१पासून खेळण्याला बीआयएसचं प्रमाणपत्र सक्तीचं. आणि हा पोरगा साक्षीदारांच्या देखत त्या दिव्याशी खेळत होता.

दुसऱ्या दिवशी शेठला हे कळलं तेव्हा त्याचा आवाज चिरकला. "नानाभाई, सत्तर? अरे, लिहून टाका ना लाइट, कोण बघतो?"

इथे नानांचा स्वभाव आडवा येतो. एजंटच्या धंद्यात "बसवून टाका" हा शब्द दिवसातून दहादा ऐकू येतो. नानांना तो ऐकू येत नाही. ते म्हणतात, ड्यूटी किती ते मागाहून बघू, वस्तू काय ते आधी ठरव. मनाजोगा दर बघून मग वस्तू शोधणं याला ते उलटं चालणं म्हणतात. आणि शेठला पटेल असा हिशोबही त्यांच्याकडे असतो: आज चुकीचं हेडिंग खपलं तरी दोन वर्षांच्या आत नोटीस येऊ शकते, लपवाछपवी दिसली तर पाच वर्षांच्या आत, आणि वर व्याज. या तिरसटपणामुळे काही शेठ सोडून गेले. जे राहिले ते बापानंतर मुलानेही नानांकडेच यायचं असं करून राहिलेत. मला वाटतं, नानांच्या मालकाने त्यांना निवृत्त होऊ दिलेलं नाही त्याचं कारणही हेच. त्यांनी लिहिलेलं उत्तर कोणी सहज मोडत नाही.

दोन रात्री अंतराळवीर जेवणाच्या टेबलावर होता. डोकं एकीकडे, धड एकीकडे. तिसऱ्या दिवशी पहाटे काकूंना स्वयंपाकघरातून "सापडलं!" असं ऐकू आलं. नानांनी धड उलटं केलं होतं. आत काही नव्हतं, निव्वळ पोकळ प्लास्टिक. वायर डोक्यात, एलईडी डोक्यात, लेसर डोक्यात, मोटर डोक्यात, त्या केविलवाण्या स्पीकरसकट सगळं यंत्र डोक्यात. धड म्हणजे फक्त स्टँड! मिश्र वस्तूला तिचा मूळ स्वभाव कशाने येतो ते बघा, असं तिसरा नियम सांगतो. आणि स्वभाव डोक्यात होता. स्टँडचा आकार अंतराळवीराचा असो नाहीतर मोराचा, दिवा तो दिवाच. पोराने डोकं उपटलं नसतं तर हे दिसलं नसतं, हे नानांनी मोकळेपणाने मान्य केलं आणि त्याला चॉकलेट दिलं. १८०६.

एवढ्यावर दुसऱ्या कोणी बिल ऑफ एंट्री टाकलं असतं. नाना सहा आकड्यांवर अडले. २०२२ला टॅरिफ बदललं तेव्हा जुनं ९४०५-४० गेलं. नानांना त्याची इतकी सवय होती की आठवडाभर ते सुतक असल्यासारखे वावरत होते. त्याच्या जागी जे आले त्यात ४२ म्हणजे फक्त एलईडीवर चालणारे दिवे, आणि ४९ म्हणजे बाकीचे. आता ढग एलईडीचे आहेत, पण चांदण्या लेसरच्या. मग "फक्त एलईडी" कसं म्हणता येईल?

"दोन्हीत ड्यूटीचा फरक किती?" शेठने विचारलं.

"शून्य."

"मग?"

"मग काय?"

शेठने फोन ठेवला. कंटेनर उतरला होता, शिपिंग लाइनचे फुकटचे दिवस संपत आले होते. नानांनी ४९ टाकलं आणि रात्री शांत झोपले.

पण कस्टमची क्वेरी आलीच. पूर्वी क्वेरी आली की नाना स्वतः जायचे. अप्रेझरच्या टेबलावर माल ठेवायचा, चहा मागवायचा, तासभर नोटांवर खडाजंगी करायची आणि हरलं तरी नवं काही शिकून यायचं. तो काळ गेला. ३१ ऑक्टोबर २०२०पासून सगळ्या देशात फेसलेस असेसमेंट आहे. माल न्हावा शेव्याला, तपासणारा अधिकारी देशात कुठल्याही बंदराच्या गावी. ओळखपाळख नाही, वशिला नाही. व्यवस्था चांगली आहे हे नानांना पटतं. पण मनातून ते खट्टू आहेत. "चेहरा नाही म्हणे! मग हा दिवा दाखवायचा कोणाला?"

क्वेरी होती की माल ९५०३खाली का घेऊ नये, आणि वस्तू काय करते त्याचा पुरावा द्या. नानांनी तीन मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेवलाच होता, पार्श्वभूमीला स्वतःचं निवेदन. पण कागद चढवायचे ते ई-संचितवर आणि तिथे चालते पीडीएफ. मग चादरी पुन्हा खिडकीला लागल्या, नानांनी छताचे फोटो काढले आणि त्यांची पीडीएफ केली. ऑफिसच्या प्रिंटरवर ती काळीकुट्ट निघाली, मधे पांढरट ठिपके. शेठने एक पान उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाला, "नानाभाई, झेरॉक्स खराब आलीय."

सोबत चार पानी उत्तर. त्यात धड-डोक्याची फोड, खेळणं आणि बघणं यातला भेद, ढग ही प्रतिमा का नाही यावर एक परिच्छेद (मुख्याध्यापकांना तो वाचून दाखवण्यात आला), आणि शेवटी, सगळी हेडिंगं सारख्याच तोलाची वाटली तर आकड्यांत जे शेवटचं ते घ्यावं हा तिसऱ्या नियमाचा शेवटचा तुकडा इथे का लावायला लागत नाही, याचं स्पष्टीकरण. त्या तुकड्यावर नानांचा राग आहे. विचार करून थकलेल्या माणसाने शेवटी चिठ्ठी टाकावी तसा तो त्यांना वाटतो. शिवाय तो लावला असता तर खेळणं जिंकलं असतं.

उत्तराला उत्तर आलं नाही. बिल पास झालं, ड्यूटी भरली, माल सुटला. नाना त्यातही थोडे नाराजच. "वाचलं का कोणी, कळायला मार्ग नाही," म्हणाले. उत्तरातल्या परिच्छेद सातबद्दल अधिकाऱ्याने काहीतरी आक्षेप घ्यायला हवा होता, अशी त्यांची अपेक्षा होती. तो कच्चा होता हे त्यांना माहीत होतं.

शेठने कळवलं, नमुना ठेवून घ्या. गिऱ्हाइकाकडून वस्तू घ्यायची नाही हा नानांचा नेम. ते पिशवीत भरून परत न्यायला निघाले तर पिशवीत घालायला काही उरलंच नव्हतं. डोकं काकूंनी हॉलमध्ये शोकेसवर लावलं होतं आणि आल्यागेल्याला आकाश दाखवणं चालू होतं. धड पहिल्या रात्रीपासून अधूनमधून गायब होत होतं, ते समोरच्या बिऱ्हाडात सापडलं, गळ्यापाशी दोऱ्याने पॅराशूट बांधलेलं. शेवटी नानांनी नमुन्याचे पैसे शेठच्या नावे पाठवले आणि पोराला दारात बोलावलं.

"हे धड तुझं," ते म्हणाले. "हे स्टँड होतं, पण आता तू त्याच्याशी खेळतोस. म्हणून आता ते पंच्याण्णव-झिरो-तीन."

"आणि डोकं?"

"डोकं म्हणजे दिवा. ते इथेच राहील."

पोराने जरा विचार केला. "पण नाना, मी रोज दुपारी तुम्ही नसताना येतो ना, तेव्हा डोक्याशीच खेळतो. काकू देतात. आम्ही सगळेच खेळतो."

नानांनी आत वळून काकूंकडे पाहिलं. मग खाली वाकून, अगदी हलक्या आवाजात त्याला म्हणाले, "चौथीत जाईपर्यंत हे बाहेर कुठे बोलू नकोस."

"आणि लपवून ठेवलं असं ठरलं," आतून काकू म्हणाल्या, "तर सातवीत जाईपर्यंत!"